पहिली टाळी

गाद्यांच्या दुकानात आवाज घुमत नाही, हा जगातला थोर शोध आपणच लावला असं गादीशेठ छातीठोकपणे सांगायचा. खरी गोष्ट वेगळी होती. घरात मोठ्याने संगीत लावायला बायकोने बंदी घातली, म्हणून त्याने स्पीकर उचलून दुकानात आणून आदळले. आणि तिथे खरोखरच आवाज घुमेना. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. शेठला तर वर चष्मासुद्धा मिळाला.

तर दर रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून तिथे मंडळी जमायची. जो तो आपापल्या आवडीची गादी धरून आडवा व्हायचा, डोळे मिटायचा, आणि मग सुरू व्हायचा ‘म्हातारा’.

म्हातारा म्हणजे सिनेमाला संगीत देणारा तो बुजुर्ग संगीतकार. त्याची गाणी सगळं जग गुणगुणायचं, पण गाणी ऐकणारे म्हणजे या मंडळींच्या लेखी येरेगबाळे. खरा म्हातारा पार्श्वसंगीतात! पडद्यावर कोणी नुसता जिना चढत असतो, तेव्हा मागे जो पन्नास-साठ वादकांचा ताफा चाललेला असतो, त्यात. सिनेमात हिरोईन कोण होती ते यांना विचारलंत तर डोकं खाजवतील, पण तिसऱ्या व्हायोलिनवाल्याला त्या दिवशी सर्दी झाली होती, हे शपथेवर सांगतील.

मंडळात बोलघेवडे दोघंच. एक शेठ, दुसरा वकील. वकील कोर्टात जेवढा गप्प असायचा, त्याची भरपाई इथे करायचा. त्याचा लाडका विषय होता ‘ती शांतता’.

झालेलं असं, की म्हाताऱ्याच्या एका जुन्या सिनेमात नायक शेवटी घर सोडून जातो. व्हायोलिनं चढत चढत पार छताला टेकतात, ट्रम्पेट उठतात, ड्रम धडधडतात, दार धाडकन आपटतं, आणि एकदम चिडीचूप. सिनेमा खलास.

“हा शेवट नाही,” वकील गादीवर उठून बसायचा. “हा आयुष्याने विचारलेला प्रश्न आहे. निरुत्तर प्रश्न!”

यावर शेठचे डोळे पाणवायचे. मंडळातले दातांचे डॉक्टर एकदा इतके रडले की त्यांना ती उशी विकत घ्यावी लागली.

अशात बातमी आली. ऐंशी ओलांडलेला म्हातारा स्वतः स्टेजवर उभा राहून, सबंध वाद्यवृंद घेऊन आपलं पार्श्वसंगीत वाजवणार. आणि शेवटी काय? तर तेच. दार आपटणारं.

आता प्रश्न एकच उरला. पहिली टाळी कोणाची?

हसू नका. असल्या संगीतात साध्या माणसाला कळतच नाही संपलं कधी. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात, नाहीतर मध्येच टाळ्या वाजवून आब घालवतात. अशांची नक्कल करून शेठने आजवर मंडळाला पोट धरून हसवलं होतं. म्हणजे त्या शांततेनंतर जो पहिल्यांदा उठून टाळी वाजवेल, त्याच्याकडे म्हातारा वळून बघणार. बघणारच! शेठला सही नको होती, फोटो नको होता. ज्या माणसाला आयुष्यभर डोळे मिटून ऐकलं, त्याने एकदा डोळे उघडून आपल्याकडे बघावं आणि मनात म्हणावं, ‘याला कळलं.’ बस्स. एवढ्यासाठी तो जीव टाकत होता.

वकिलालाही तेच हवं होतं. मग ठरलं, परीक्षा घ्यायची. तुकडा वाजवायचा, सिनेमा ओळखायचा, जास्त ओळखेल त्याची पहिली टाळी. परीक्षेची वेळ शेठने मुद्दाम भरपेट जेवणानंतरची ठेवली आणि वकिलाला दुकानातली सर्वांत महागडी, बोट लावलं तरी कोपरापर्यंत आत जाणारी गादी दिली. “तुमच्यासाठी काहीही, वकीलसाहेब!” स्वतः मात्र प्लॅस्टिकच्या स्टुलावर ताठ बसला. दुसऱ्या तुकड्याला वकील घोरायला लागला. घोरणं सुरात होतं, हे डॉक्टरांनी मान्य केलं, पण सिनेमाचं नाव काही त्यातून निघालं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी शेठने नवा शर्ट घातला. बायको बरोबर होती. ती शाळेत मास्तरीण. संगीत म्हणजे तिच्या मते वर्गात मधल्या सुट्टीत चालतं ते, फक्त तिकीट काढून.

“ऐका,” खुर्चीत बसता बसता ती म्हणाली. “टाळी वाजवा, पण चारजणांबरोबर वाजवा.”

“अगं, चारजणांबरोबर वाजवायला मी काय लग्नाला आलोय?”

मागच्या रांगेतून वकील पुढे वाकला. “वहिनी, यांना अडवू नका. यांनी हा मान जागेपणी मिळवलाय.”

म्हातारा आला. चालताना जपून पाय टाकणारा माणूस वादकांना इशारे द्यायची बारीक काठी हातात घेऊन उभा राहिला आणि काय बदलला! हात वर गेला की साठजणांचा श्वास वर. दोन तास शेठ कधी हसत होता, कधी बायकोचं मनगट दाबत होता. “हे बघ, इथे चेलो येतात... आले! सांगितलं होतं ना?”

“हो. तुम्हीच पाठवले जसे काही.”

मग ते सुरू झालं. व्हायोलिनं चढायला लागली. शेठने तळहात पँटला पुसले, खुर्चीच्या कडेवर सरकला.

“अहो,” बायको कानाशी आली, “थांबा हं जरा. ती चष्मेवाली व्हायोलिनवाली आहे ना, तिच्या पुढ्यात अजून पानं उरलीत.”

“पुढच्या कार्यक्रमाची असतील.”

“इतकी वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये उभी राहतेय मी. पेपर संपलेलं पोर आणि विचार करत थांबलेलं पोर मला पाठीवरून कळतं.”

“तुला यातलं काय कळतंय? गप!”

ट्रम्पेट उठले. ड्रम धडधडले. धाड्! आणि ती शांतता. व्हायोलिनचे सगळे बो हवेत, म्हाताऱ्याचा हात हवेत, हजार माणसं मुठीत जीव धरून. शेठ ताडकन उभा राहिला.

“वाऽऽ! वा, वा, वा!”

आणि टाळ्या. कडकडून. पाच-सहा वाजवल्यावर त्याच्या लक्षात आलं की दुसरं कोणीच वाजवत नाहीये. टाळी एकट्याची असली की टाळी राहत नाही, कोणीतरी ओलं धोतर दगडावर आपटतंय असा आवाज येतो. त्यात दिसलं की बो अजून हवेतच आहेत. म्हाताऱ्याचा हातही. शेठचे दोन्ही तळहात एकमेकांना चिकटले ते चिकटलेच. लांबून कोणाला वाटलं असतं, माणूस माफी मागतोय. आणि ते खरंच होतं.

म्हाताऱ्याने हात खाली घेतला. वळला. आणि शेठकडे बघितलं.

बघितलं एकदाचं! फक्त शेठला वाटलं होतं तसं नाही.

“संकलक का तुम्ही?” म्हाताऱ्याने विचारलं. समोर माईक होता, त्यामुळे प्रश्न शेवटच्या रांगेतल्या खुर्चीपर्यंत पोचला.

“नाही... माझं गाद्यांचं दुकान आहे.”

हॉल फुटला. म्हाताराही हसला. “मग हरकत नाही. त्या सिनेमाच्या संकलकाने बरोब्बर इथेच कात्री चालवली होती. मला वाटलं, आज पुन्हा आला की काय!” हशा ओसरू दिला. “पुढे काय होतं सांगू? नायक दार आपटून तावातावाने निघून जातो, आणि चष्मा आतच राहिलेला असतो. काही दिसत नाही. झक मारत परत येतो. ते सगळं मी लिहिलं होतं. सिनेमात राहिलं नाही, म्हणून म्हटलं, आज ऐकवू.” तो वादकांकडे वळला. “पुन्हा घेऊ. दारापासून. गादीवाले, तुम्ही बसा.”

शेठ बसला. मागून वकिलाचा चिरका आवाज आला, “चष्मा? निरुत्तर प्रश्न म्हणजे चष्मा?” बिचाऱ्याची अर्ध्या आयुष्याची भाषणं एका क्लॅरिनेटने धुऊन नेली.

कारण धाड् झालं, शांतता झाली, आणि त्या शांततेतून एक क्लॅरिनेट चोरपावलांनी आत आली. मांजर दूध पिऊन परत येतं तशी. व्हायोलिनवाले नुसत्या बोटांनी तारा टिचकवत होते. कोणीतरी टेबलाखाली, उशीखाली शोधतंय असं वाटावं. मग चेलोंनी अगदी हळू काहीतरी सांगितलं, क्लॅरिनेट अडखळली, थांबली. कोणीतरी चष्मा हातात आणून दिला होता बहुतेक. आणि दार परत लागलं. या वेळी हळूच, आतून.

हे शेठने कधीच ऐकलं नव्हतं. ज्या संगीताचा आपण कोळून अर्क प्यायलो असं तो समजत होता, त्याचं निम्मं त्याला ठाऊकच नव्हतं. त्याने रडायचं ठरवलं, पण हसू येत होतं.

सूर विरत गेला. संपलं? कोण जाणे. हजार माणसं श्वास रोखून बसली. कोणाची छाती होईना. मघाचा प्रकार बघितल्यावर पहिली टाळी वाजवणार कोण? हळूहळू एकेक मान वळायला लागली. शेठकडे. तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

“शेठ,” वकील कुजबुजला, “पहिली टाळी तुमची. आम्ही शब्दाचे पक्के.”

“मेलो तरी नाही.”

“चष्मेवालीने शेवटचं पान मिटलं,” बायको स्टेजवरची नजर न हलवता म्हणाली. “पेपर संपला. काढा हात.”

“नक्की?”

“अहो, काढा म्हणते ना!”

तेवढ्यात म्हातारा वळला. त्याने रांगांवरून नजर फिरवली, शेठला हुडकलं, आणि भुवया उंचावल्या. काय हो गादीवाले, आता का गप्प?

शेठने मांड्यांखालचे हात ओढून काढले. ते बधिर झाले होते. टाळी फुसकी वाजली, उशी झटकल्यासारखी, पण वाजली. आणि तिच्यामागून सगळा हॉल कोसळला.