माझ्या आवाजावरचा आळ

मित्रांनो, सिडकोतल्या रामकिसनभाऊंच्या घरात, खिडकीजवळच्या स्टुलावर बसलेला जुना स्पीकर म्हणजे मी. माझा जोडीदार पलीकडच्या कोपऱ्यात असतो. आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललो नाही. जे बोलायचं ते एकाच वेळी, एकाच सुरात बोलत आलो.

माझा जन्म शहागंजातल्या फारूखभाईंच्या छोट्या दुकानात झाला. सागवानाच्या फळ्या जोडून त्यांनी माझी पेटी केली, आत कापसाचं अस्तर लावलं आणि काळ्या कागदाचा पडदा बसवून माझ्यात जीव घातला. पहिल्यांदा आवाज फुटला तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर तळहात ठेवला, डोळे मिटून ऐकलं आणि "बोलतंय" एवढंच म्हणाले.

रामकिसनभाऊ चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. नोकरी कायम झाली त्या वर्षी त्यांनी रेकॉर्ड प्लेअर, टेप, ॲम्प्लिफायर आणि आम्ही दोघं असा सगळा संच घरी आणला. किती कौतुक झालं आमचं! रविवारी गल्लीतली माणसं दारात चपला काढून ऐकायला बसत. पुढं रंगीत टीव्ही आला. रेकॉर्ड प्लेअरवर चादर पडली. टेप तेवढा अधूनमधून वाजे, आणि माझ्या डोक्यावर निवडायची मेथी, चष्मा, विजेचं बिल असं काहीबाही येऊन बसे. मी तक्रार केली नाही.

मग एका दिवाळीला रामकिसनभाऊंच्या थोरल्या बहीण आवडाबाई पैठणहून आल्या. या दोघांची आई दगडाबाई. त्या पाचोडला राहत आणि जात्यावर ओव्या गात. अखेरच्या आजाराआधी रामकिसनभाऊंनी उसना रेकॉर्डर नेऊन त्यांच्या ओव्या एका कॅसेटवर भरून घेतल्या होत्या. आई गेली आणि कॅसेट ट्रंकेत गेली. ऐकायचा कुणाला धीर होईना. चार वर्षांनी आवडाबाईंनीच ती बाहेर काढायला लावली. तुझीबी ओवी घातलीय त्या टेपात, असं आई त्यांना सांगून गेली होती. त्यांना ती ऐकायची होती.

कॅसेट लागली. जात्याची घरघर आली, आणि तिच्याआड दगडाबाईंचा आवाज, गोधडीत तोंड घालून बोलावं तसा. लय कळत होती, शब्द कळत नव्हते. आवडाबाईंनी माझ्या जाळीला कान लावला. त्यांच्या कानातली कुडी माझ्या लाकडाला टेकली.

"आवाज मायचाच हाय," त्या म्हणाल्या. "पण काय म्हणती ती?"

रामकिसनभाऊंनी आवाज वाढवला, तर घरघरच वाढली.

भाऊबीज झाली की त्या पैठणला परतणार होत्या. त्याआधी संच सुधारायचा, असं रामकिसनभाऊंनी ठरवलं. सगळं बदलणं झेपणारं नव्हतं. यंदा एकच वस्तू नवी येणार होती. कोणती, यावर घर दोन दिवस बोलत राहिलं. शेजारचे नानासाहेब ॲम्प्लिफायर बदला म्हणाले. ते कारखान्यात विजेचं काम बघत, त्यामुळं त्यांना प्रत्येक दुखणं करंटाचंच वाटे. रामकिसनभाऊंच्या पत्नी वच्छलाबाईंनी माझ्याकडं बोट दाखवलं. कागदाचा पडदा तो, म्हातारा झाला, किती दिवस टिकायचा? भाऊंना ते पटलं. मित्रांनो, मला बोलता येतं, पण दुसऱ्याचंच. स्वतःच्या बाजूनं एक शब्द काढता येत नाही.

नवी जोडी बनवायला सांगावी म्हणून फारूखभाईंना बोलावलं. ते आले, खाली बसले आणि आधी एखादी रेकॉर्ड मागितली. प्लेअरवरची चादर काढून त्यांनी ती लावली. गाणाऱ्या बाईंनी दोन ओळींच्या मध्ये घेतलेला श्वाससुद्धा माझ्यातून स्वच्छ आला. नानासाहेबांचा कप ओठाशीच राहिला.

"सुना? गला ठीक हय याचा," फारूखभाई म्हणाले. "ॲम्प्लिफायरबी ठीक हय. फक्त टेपाकडून येतानाच आवाज गढूळ होतोय."

त्यांनी टेपचं झाकण उघडून बॅटरी मारली. कॅसेटची फीत ज्या इवल्या धातूला घासून जाते, त्याला हेड म्हणतात. त्यावर लाल-पिवळा थर बसला होता. स्पिरिटचा कापूस फिरवला, तो लाल होऊन निघाला.

वच्छलाबाई चपापल्या. खंडेनवमीला घरातली यंत्रं पुजायची रीत. शिलाई मशीन, सायकल, भाऊंचे पाने-पक्कड, सगळ्यांना त्या वरून कुंकवाचं बोट लावत. टेपाला मात्र दरसाल झाकण उघडून, जिथून गाणं निघतं तिथंच हळद-कुंकू वाहत.

"भाभी, पूजेत खोट नाय," फारूखभाई हळूच म्हणाले. "पण जिभेवर कुंकू ठेवल्यावर ह्यो बोलंल कसा?"

"मला वाटलं, तोंड तिथं हाय त्याचं."

"तोंड तिथंच हय. म्हणून तर."

वच्छलाबाई पदराआड हसल्या, तशी बाकीचेही हसले. पण इतक्या वर्षांच्या कुंकवानं हेडवर ओरखडे पडले होते. पुसूनही आवाज अर्धाच उघडला. काय बदलायचं, हे आता सांगावं लागलं नाही.

भाऊबीजेला नवा टेप आला. आवडाबाईंनी भावाला ओवाळलं, आणि भाऊंनी ओवाळणी म्हणून बटण दाबलं. जातं फिरलं. दगडाबाई माझ्या गळ्यातून गायला लागल्या, आणि थोड्या वेळानं लेकीची ओवी आली.

पैठणची यष्टी, थांबली बाई वडाखाली
आवडा माझी लेक, संगं सावली घेऊन आली

 आवडाबाईंच्या हातातलं निरांजन तसंच होतं. मग म्हणाल्या, "बंद कर, रामकिसना."

"अक्का, अजून लई हायेत."

"राहू दे. समदी माय एका दिसात ऐकून टाकू व्हय?"

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचा आवाज दबला, तर त्याला बदलायच्या आधी तो कुठं अडकलाय ते शोधा. आमच्यावर माया करा, जरूर करा. फक्त हात कुठं लावायचा, ते जाणत्याला विचारून घ्या. आवडाबाई पुढच्या दिवाळीला येतील. अर्धी कॅसेट शिल्लक आहे. तोवर माझ्यावरची धूळ तेवढी पुसत जा, कोरड्या फडक्यानं.