पायरी वर, साखळी पक्की

अ‍ॅरिझोनात मे महिन्यात राहायचा ट्रेलर घेऊन कुणी थांबत नाही, सगळे कधीच थंडीच्या मुलखाकडे पळालेले असतात. ओपल आणि मर्लसुद्धा पळतच होते, पण सॉल्ट वेल्सच्या अलीकडे खाड्कन आवाज झाला, ट्रेलर एका अंगावर बसला आणि जळक्या रबराचा वास सुटला. ओपल गाडी चालवत होती. मर्ल शेजारी बसून बाजूच्या आरशात बघत होता, कारण डोकं दगा द्यायला लागल्यापासून त्याच्याकडे तेवढंच काम उरलेलं, मागचं बघणं.

"मागे काहीतरी बिनसलंय गं," तो म्हणाला, आणि बरोबर म्हणाला.

गावात चुयचं गॅरेज होतं. चुय म्हणजे जाडजूड, हसरा माणूस, टोपी कधी न काढणारा. तो ट्रेलरखाली सरपटत गेला आणि बाहेर आला तेव्हा हसत नव्हता.

"मावशी, स्प्रिंगचा पाटा तर गेलाच, पण अ‍ॅक्सलही वाकलाय. फीनिक्सहून मागवावा लागेल. सोमवार धरा."

"आणि तोवर आम्ही राहायचं कुठं? तुझ्या डोक्यावर?"

"तिथं टोपी आहे, जागा नाही. समोर हॉटेल आहे बघा. एसी आहे, सकाळी कॉफी फुकट."

ऐकायला किती सोपं वाटतं ना? तीन दिवस हॉटेलात राहा, एसीत पाय पसरा. पण ओपलला ते सोपं नव्हतं. नेब्रास्कातलं घर विकून बारा वर्षं झाली होती, आता हा ट्रेलर हेच घर. मर्लला आज कुठला वार हे सांगता यायचं नाही, मुलीचं नाव आठवायचं नाही, पण ट्रेलरमध्ये त्याचे हात सगळं ओळखायचे. अंधारात दिव्याचं बटण सापडायचं, कप कुठल्या खुंटीला ते सापडायचं. डोकं विसरलेलं सगळं त्या हातांत होतं, आणि त्या हातांना आता हॉटेलच्या खोलीत काहीच सापडेना.

"घरी कधी जायचं?"

"सोमवारी."

"घर कुठाय?"

"चुयकडे. दुरुस्तीला."

"बरं." आणि मिनिटभरानं पुन्हा, "घर कुठाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ओपल तोंड धूत होती, तेवढ्यात हा बाहेर. एकेका खोलीचं दार ढकलून बघतोय! एका खोलीत कुणी ट्रकवाला चड्डीवर झोपलेला, तो उठून ओरडतोय, आणि मर्ल त्यालाच दरडावतोय, "माझ्या घरात काय करतोस?" हॉटेलची मालकीण लोरेटा धावत आली. बाई वाईट नव्हती, पण म्हणाली, "ओपल, मला वाईट वाटतं गं, पण कुणीतरी एक दिवस ठोसा मारेल त्याला. त्याला जरा बाहेर फिरवून आण. वाळवंट छान आहे आपलं."

म्हणून ओपलनं त्याला वाळवंटात नेलं.

आणि गंमत म्हणजे तिथं मर्ल एकदम खुलला! बारा वर्षं दोघांनी असल्याच माळांवर मुक्काम केलेले, त्याला ते रान ओळखीचं वाटलं असणार. कोरड्या ओढ्याच्या काठानं चालताना तो एकेका उंच निवडुंगाकडे बोट दाखवून म्हणायचा, "हा हात वर करून उभाय बघ, पोलिसांनी पकडलाय." झुडपांतून तुरेवाल्या लावऱ्यांची रांग पळाली तर टाळ्या वाजवून हसला. ओपललाही हसू आलं, किती दिवसांनी! पालो वर्देच्या झाडाखाली तिनं घडीच्या खुर्च्या मांडल्या, पीनट बटरची सँडविचं काढली, आणि बघते तर पाण्याच्या बाटल्या गाडीतच राहिलेल्या.

ओढ्यातली वाळू भुसभुशीत, म्हणून गाडी वळणापलीकडे लावलेली. फार लांब नव्हती.

"इथंच बस हं. मी पाणी घेऊन आलेच."

"आण."

ती आली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

पहिल्यांदा ती घाबरली नाही बरं का. वाटलं, झाडामागे लघवीला गेला असेल. हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग ती धावत सुटली. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे दुखणारे, हातात दोन बाटल्या, आणि वाळूत पाय रुतताहेत. वाळूत त्याच्या बुटांचे ठसे होते, ती ते धरून गेली, आणि पुढे कातळ लागला नि ठसे संपले. फोनला रेंज नाही. ऊन असं की श्वास घेतला तर घशात चटका बसतोय. त्याच्याकडे पाणी नाही, आणि त्याला तहान लागली हे कळेल की नाही तेही माहीत नाही!

"मर्ल! अरे म्हाताऱ्या! मर्ल!"

वाटलं, गाडीकडे गेला असेल. तिकडे पळाली. नाही. सावली शोधत गेला असेल. प्रत्येक झाडाखाली वाकून बघितलं. नाही. एका झुडपाला त्याची हॅट अडकलेली दिसली, ती तिनं ओढून घेतली. डोक्यावर हॅटसुद्धा नाही. गावात जाऊन माणसं आणावीत, तर तेवढ्यात हा मरेल. न जावं, तर एकटीनं किती रान धुंडाळणार? ती तिथंच मान खाली घालून उभी राहिली, आणि रडण्याऐवजी त्याच्यावरच चिडली.

"कुठं मरायला गेलास रे! काय पाहिजे होतं तुला?"

आणि बोलता बोलता तिलाच उत्तर सापडलं. त्याला काय पाहिजे होतं ते तर तो कालपासून सारखा विचारत होता. घर कुठाय? तो ना सावली शोधायला गेला होता, ना गाडी. तो घर शोधायला गेला होता!

ती हातापायांवर रांगत समोरच्या टेकडीवर चढली. तळवे सोलले. वरून बघितलं तर पलीकडे सपाट माळ, आणि माळावर लांब एक पांढरं चौकोनी काहीतरी. सकाळी तिला तो खडक वाटला होता. खडक इतका चौकोनी असतो होय?

तिकडे जाणारा खाणीचा जुना कच्चा रस्ता होता. तिनं गाडी अशी हाणली की मागचं सगळं सामान उडत होतं. कुणीतरी केव्हाचा टाकून दिलेला ट्रेलर होता तो. टायर बसलेले, काचा गेलेल्या, दार एका बिजागरीवर लोंबतंय, आत उंदरांचा वास. आणि दारातल्या पायरीवर मर्ल बसलेला. चेहरा लालभडक, अंगावर घामाचा थेंब नाही, आणि पोटरीत निवडुंगाचा काटेरी गोळा रुतलेला, त्याचा त्याला पत्ताच नाही.

"मर्ल! देवा! घे, आधी पाणी पी."

तो मागे सरकला. "नको बाई."

"अरे मी आहे, ओपल!"

"माझी बायको गेलीय पाणी आणायला," तो शांतपणे म्हणाला. "येईलच आता. ती आल्यावर पितो."

तिनं बाटली त्याच्या ओठांना लावली, त्यानं तोंड फिरवलं. तिनं दंड धरून ओढलं तर त्यानं असा झटका दिला की बाटली उडाली आणि वाळूनं पाणी पिऊन टाकलं. उरली एकच.

"माझ्या घरातून मला कुठं नेता? मी पोलिसांना बोलावीन!"

त्याचा आवाज जड झाला होता, जीभ अडखळत होती. ओपल विनवणी करून थकली, ओरडून थकली, आणि शेवटी ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी जाऊन, गाडीला जोडायच्या गंजक्या आकड्यावर मटकन बसली. संपलं, तिला वाटलं. इतकं धावून मी याला बघत बघत मरू देणार.

आणि हात टेकवला तो आकड्यावरच. रोजची सवय. बारा वर्षं, निघायच्या दिवशी सकाळी, ती याच जागी उभी राहायची आणि ओरडायची, आणि तो ट्रेलरभोवती फेरी मारत उत्तरं द्यायचा. त्याशिवाय चाक हलायचं नाही, न्याहारीसुद्धा मिळायची नाही. एकदा, फक्त एकदा ते विसरले होते, तर टेक्सासात पेट्रोल पंपावरचा कचऱ्याचा डबा पायरीला अडकून हायवेपर्यंत आला होता!

ती उठली. छातीत हवा भरली.

"पायरी!"

दारात खुरखुर झाली. मर्ल पायरीवरून खाली उतरला, वाकला, गंजलेली पायरी लाथ मारून आत ढकलली.

"वर!"

"ठोकळे!"

तो लटपटत चाकांकडे गेला. ठोकळे कुठले असायला! त्यानं चाकाखालचे दोन दगड काढून बाजूला फेकले. "काढले!"

"गॅस!"

"बंद!"

"खिडक्या!"

खिडक्यांना काचा नव्हत्या, तरी त्यानं प्रत्येकीवर हात फिरवला. "लावल्या! गाडी घे मागे, बघत काय बसलीस?"

तिनं गाडी मागे घेतली. आणि तो मागे उभा राहून हात हलवत होता, डावीकडे, डावीकडे, अजून, बस्स! मूठ वर. तीच मूठ, तोच अंगठा. ती उतरली तर त्यानं खरंच गंजकी साखळी उचलून गाडीच्या आकड्यात अडकवलेली.

"साखळी?" तिनं विचारलं.

"पक्की." त्यानं हात पँटला पुसले आणि नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला. "मागे काही राहिलं नाही ना?"

"नाही राहिलं."

"मग चल. आणि ओपल, किती वेळ गं? पाणी आण म्हटलं होतं ना!"

तिनं बाटली दिली. तो गटागटा प्यायला लागला, तिनं "घोटघोट पी रे" म्हणून काढून घेतली, पुन्हा दिली. उरलेलं रुमालावर ओतून त्याच्या मानेवर ठेवलं. तो आत बसल्यावर साखळी तपासायचं नाटक करून ती हळूच सोडवली.

मर्ल लगेच आरशात बघायला लागला. कच्च्या रस्त्यावर धूळ होती, तेवढं बरं. "धुरळ्यात दिसत नाही, पण येतोय," तो म्हणाला. मग डांबरी रस्ता लागला आणि धूळ संपली.

"दिसत नाही गं."

"येतोय. सरळ रस्त्यावर नाही दिसत."

"कायम दिसतो." तो दाराचा खटका चाचपायला लागला. "थांब, सुटला असेल. मी उतरतो."

"वळणावर दिसेल! मर्ल, वळण येऊ दे."

आणि मग ती तशीच चालवत राहिली, मागे ट्रेलर असल्यासारखी. सावकाश, ब्रेक लांबून दाबत. गावातल्या कोपऱ्यावर रिकाम्या गाडीसाठी तिनं असं रुंद वळण घेतलं की पलीकडच्या रस्त्यावर गेली, मागच्या ट्रकवाल्यानं भोंगा वाजवून शिवी हासडली. गॅरेजच्या फाटकातही तसंच रुंद, आणि आत घालून गाडी उलटी फिरवली, मागे घेतली, अजून मागे, जोपर्यंत मर्लच्या आरशात त्यांचा ट्रेलर येत नाही तोपर्यंत.

"आला," मर्ल म्हणाला आणि मान मागे टाकली. मग पुन्हा डोळे उघडून, "पण चाकं कुणी काढली?"

चुय धावत आला होता. त्यानं मर्लचा चेहरा बघितला, ओपलचे सोललेले हात बघितले, गावातल्या नर्सला फोन लावला आणि बर्फाची पिशवी आणताना म्हणाला, "काका, एवढ्या लांबून आणलात, झिजली असतील."

नर्सनं सलाईन लावलं. फीनिक्सच्या दवाखान्यात नेऊ म्हणाली, आणि ओपल सकाळी नेते म्हणाली, पण आजची रात्र हॉटेलात नाही.

"मावशी, ट्रेलर जॅकवर आहे," चुय म्हणाला. "आत झोपलात तर हलेल."

"हलू दे," ओपल म्हणाली, आणि मर्लचा कप खुंटीवरून काढायला ती वर चढली. "बारा वर्षं हलतंयच."