गळे पाहणारा आरसा

मित्रांनो, चेहरा पाहायला येणारे माझ्यापुढे फार काळ टिकत नाहीत. पारा उडालेला, कोपऱ्यात तडा गेलेला मी एक जुना आरसा आहे. गळे पाहणं हा माझा धंदा.

सान लुइसच्या एका कारागिराने मला घडवलं. मेक्सिकोच्या या डोंगराळ वास्तेका मुलुखात मी आधी न्हाव्याच्या दुकानात होतो. तिथे साबण लावलेले गळे पाहिले. पुढे न्हाव्याच्या मुलीच्या लग्नात गवई डॉन अबुंदियो आणि त्यांचा जिवलग फिदेन्सियो दिवसभर गायले आणि बिदागी म्हणून मला अबुंदियोंच्या घरी घेऊन गेले.

आमच्याकडच्या गाण्यात आवाज मध्येच उंच, बारीक उडी घेतो. ती घेताना मान ताणली, शिरा फुगल्या की मी दाखवून देई. शिकणाऱ्यांना अबुंदियो माझ्या अगदी जवळ उभं करत. सूर न होता वाया गेलेला श्वास माझ्यावर वाफ होऊन बसे. वाफ लिंबाएवढी असली तर शाबासकी, भाकरीएवढी झाली तर बोलणी. आणि सूर नेमका लागला की माझी काच शहारून जाई. पोटातली साधी हवा गळ्यातून जाताना काय होऊन बाहेर पडते, हे इतकी वर्षं पाहूनही मला उमगलेलं नाही. मी नुसता थक्क होतो.

अबुंदियोंनी स्वतः मात्र एका जत्रेत सुजलेल्या घशाने, वर दारूचा घोट घेऊन, ती उडी मारली. त्या दिवसापासून ती त्यांना कधीच साधली नाही. त्यानंतर ते फक्त शिकवत राहिले आणि फिदेन्सियो गात राहिला. गेल्या वसंतात फिदेन्सियोही वारला.

आमच्याकडे शांतोलोच्या सणाला वारलेली माणसं घरी भेटायला येतात. त्यांच्यासाठी झेंडूची कमान उभारतात. फिदेन्सियो गेल्यानंतरचा हा पहिलाच शांतोलो होता आणि त्याचं गाणं त्याची मुलगी निकानोरा म्हणणार होती. पण बाजारात तमाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, विकताना ओरडून ओरडून तिचा घसा बसला. ती अबुंदियोंकडे आली तेव्हा सणाला आठ दिवस उरले होते.

ती आली ती कुजबुजतच. "काका, चार दिवस मोठ्यानं एक शब्द काढला नाही. नुसतं असंच बोलतेय. केवढी काळजी घेतली बघा!"

अबुंदियोंनी तिला खांद्याला धरून माझ्यापुढे आणलं. "हं, इथे कुजबुज."

ती कुजबुजली आणि मी या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरा झालो.

"ही बघ तुझी काळजी! अगं, कुजबुजून गळ्याला आराम नाही मिळत, तो जास्तच शिणतो. बोलायचंच तर हळू, पण आपल्या आवाजात. नाहीतर तोंडाला कुलूप."

"मग तमाल कोण विकणार?"

"घंटा बांध बैलाची आणि वाजव! गिऱ्हाइकाला भूक असते, कान नसतात होय?"

पाच दिवस ती गप्प राहिली. बाजारात घंटा वाजली, लोक हसले, तमाल खपले. ती घोट घोट पाणी पीत राहिली. मग तोंड मिटून हलकेच गुणगुणणं सुरू झालं. "दुखलं की थांबायचं," अबुंदियो बजावत. "बाप रागावणार नाही. त्या जत्रेत माझ्यावर कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं."

सणाच्या दुपारी कमान माझ्यासमोरच उभी होती. व्हायोलिन वाजू लागलं. निकानोरा गायली. उडीची जागा आली तशी माझी तडा गेलेली काच धास्तावली. पण तिने मान ताणली नाही, डोळे वटारले नाहीत. बरगड्या संथ फुलल्या आणि आवाज वर गेला, जणू त्याला तिथेच राहायचं होतं. हुबेहूब फिदेन्सियो! मी शहारलो. तड्यासकट शहारलो.

तेवढ्यात कुणीतरी घाईने वळून माझ्याकडे तोंड केलं. नाक जवळजवळ काचेला टेकलं आणि एक लांब श्वास सुटला. मी सगळाच्या सगळा पांढरा झालो. जन्मभर दुसऱ्यांना वाफेवरून बोलणाऱ्या अबुंदियोंनी आपलीच ती वाफ बाहीने पुसली. मग डोळेही पुसले.

मित्रांनो, मला तडा गेला तरी भिंतीवर जागा मिळाली. गळ्याचं तसं नसतं. तो दमला की त्याला गप्प राहू द्या. आणि कधी इकडे आलात तर माझ्यावरची धूळ पुसा, पण कोपऱ्यातला तो अबुंदियोंच्या बाहीचा डाग तेवढा राहू द्या.