दोन टोकांची दोन खोकी

पूर्णविरामानं खोकं रॅकमध्ये सरकवलं, दोन्ही पिवळ्या तारा टोचल्या आणि पडद्याकडे बघितलं. चुकांचा आकडा लालच. उलट सकाळपेक्षा फुगलेला.

मोबाइल वाजला. साहेब.

"झालं का रे?"

"होतंय, साहेब."

"होतंय म्हणजे नाही झालं! पलीकडच्या गावात एकही फोन लागत नाहीये. तक्रारीसुद्धा येईनात, म्हणून वरचे जास्तच घाबरलेत."

सगळं कालपासूनचं. लाइनचा वेग वाढवला आणि घात झाला. काचेच्या तारेतून धावणारा प्रकाशाचा एकेक ठिपका म्हणजे जरा जरा वेगळ्या रंगांचा घोळका. एकदम निघतात, पण काही पुढे पळतात, काही रेंगाळतात. शेकडो किलोमीटरनंतर ठिपका असा पसरतो की शेजारच्याच्या अंगावर जातो आणि नुसता चिखल पोचतो. त्यावर इलाज म्हणजे हे खोकं. आत उलट्या स्वभावाच्या तारेचं भलंमोठं वेटोळं. पुढे पळणाऱ्यांना रोखतं, मागच्यांना गाठू देतं. पूर्ण लाइनीला एक पुरतं. कुठल्याही टोकाला बसवा.

आता कुठलं टोक, हे ठरवायला दोन टोकांनी बोलावं लागतं. पलीकडच्या टोकाला त्याचा मेहुणा होता, आणि दोघांचं बोलणं बंद होतं.

दुसऱ्याचं वाक्य स्वतः संपवायची खोड असल्यामुळेच त्याला सगळे पूर्णविराम म्हणायचे. महिन्यापूर्वी जेवताना मेहुणा म्हणाला, "मला वाटतं, ताईला जरा..."

"माहेरी राहायचंय! सांग ना सरळ!" ह्यानं संपवलं.

बायकोला तोवर तसं काही वाटत नव्हतं. मग वाटलं. ती भावाबरोबरच गेली.

काल, लाइन जायच्या जरा आधी, तिचा मेसेज आला होता. 'उद्या दुपारपर्यंत फोन कर. मी बोलेन, तू ऐकायचं. नाही आला तर इथल्या शाळेतल्या नोकरीला हो सांगते.' सकाळपासून त्यानं तिचा नंबर इतक्यांदा फिरवला होता की 'संपर्क होऊ शकत नाही' सांगणाऱ्या बाईचासुद्धा आवाज कंटाळलेला वाटायला लागला होता. खिडकीतलं ऊन सरकत सरकत खुर्चीच्या पायापाशी आलं होतं.

त्यानं परत आकड्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. पलीकडेही खोकं बसलंय! दोन झाली. आता रेंगाळणारेच पुढे पळत होते.

त्यानं आपलं खोकं उपसलं. आकडा तस्साच. मेहुण्यालाही तेच सुचलं होतं, त्यानंही उपसलं होतं. ह्यानं परत बसवलं. त्यानंही बसवलं. अरुंद बोळात दोन भली माणसं एकमेकांना वाट देत एकाच बाजूला सरकत राहावीत, तसं चाललं.

रॅकच्या कोपऱ्यात सर्व्हिस फोन टांगला होता. तो जुन्या, संथ वाहिनीवर चालायचा. त्याचे ठिपके इतके सावकाश सुटायचे की पसरले तरी एकमेकांना शिवत नसत. आज तो एकटा धडधाकट होता, आणि सकाळपासून दोन्ही टोकं त्यालाच टाळत होती.

पूर्णविरामानं तो उचलला.

"बोला, दाजी."

"तुझं खोकं काढ."

"आत्ताच काढलं होतं, पण तुम्ही पण..."

"काढलं होतं, माहितीये मला!"



"बघा. परत तेच," मेहुणा म्हणाला. "तुम्हीच बोला, तुम्हीच ऐका. मी कशाला हवा लाइनवर?"

"अरे, पाया पडतो तुझ्या. दुपार झाली. तिला फोन लावायचाय मला. ती हो म्हणाली ना शाळेला, तर मी..."

वाक्य पुढे जाईना. तो थांबला. पलीकडून कुणी ते संपवूनही दिलं नाही.

मग मेहुणा म्हणाला, "कुणाचं ठेवायचं?"

"तुझं राहू दे. मी काढतो."

त्यानं खोकं ओढून मांडीवर घेतलं. आकडा घसरत घसरत शून्याला टेकला, हिरवा झाला. मोबाइलवर साहेब तडफडायला लागले. त्यानं साहेबांना कापलं आणि तिचा नंबर लावला.

रिंग गेली. आणि दुसऱ्या कानाला अजून धरलेल्या सर्व्हिस फोनमधूनही वाजली. ओळखीची. मेहुण्याच्या अगदी जवळ.

"ताई, वाजतोय."

"ऐकू येतंय मला."

"मग उचल ना."

"वाजू दे जरा."

पूर्णविरामानं तोंड उघडलं. मग हळूच सर्व्हिस फोनच्या तोंडावर तळवा ठेवला, आणि दोन्ही कानांत रिंग ऐकत तसाच बसून राहिला. एका कानात ती किंचित मागून येत होती.