छोटंसं पाखरू

पहिली काठी दिपकच्या कानावर बसली तेव्हा फोन चालूच होता. तो उडून करवंदीच्या जाळीत पडला आणि पलीकडचा माणूस बराच वेळ 'हॅलो, हॅलो' करत राहिला. दुसरी काठी गुडघ्यावर बसली, तिसरी डोक्यात. पुढच्या कुठून आल्या ते वर्षाला कळलंच नाही, कारण दोन बायकांनी तिचे हात मागे पिरगाळून तिला खाली वाकवून धरलं होतं.

दोघंही डहाणूला एकाच कॉलेजात शिकवायची. दिपक सीनियर, राखाडी पतंगांच्या एका वंशाचं वेड तिला त्यानेच लावलं. वंश असा चमत्कारिक, की पंखांवरून साऱ्या जाती सारख्याच दिसत. जात ओळखायची तर नराच्या पोटातले हुकासारखे आकडे बघावे लागत, आणि तेवढी उठाठेव आजवर फारशी कोणी केली नव्हती. म्हणून दोघं दुपारपासून उधव्याच्या वाटेवरच्या या पाड्यामागे सागाची खोडं धुंडाळत होती.

२०१८चा तो उन्हाळा अफवांचा होता. पोरं पळवणारी टोळी आलीय, पोट फाडून किडन्या काढते, असे व्हिडिओ घरोघरी पोचले होते. आणि आमचे हे विद्वान, रेंज नाही म्हणून, मुंबईच्या एका तज्ज्ञाला घसा फोडून सांगत होते, "पाखरू मिळालंय. छोटंसंच आहे. पोट फाडल्याशिवाय काही कळायचं नाही."

दहा पावलांवर पाड्यातल्या जमनाची नात चिमी खेळत होती. जमनाने ऐकलं आणि किंकाळी फोडली. तिच्या जागी वर्षा असती तर तिनेही फोडली असती.

"पाखरू म्हणजे किडा," वर्षा रडत सांगत होती. "किडा हो. माझ्या पिशवीत आहे."

लाथा मारून दमलेल्या माणसांना भिकाने, पाड्यातल्या वडीलधाऱ्याने, हाताने मागे सारलं. दिपकला ओढून चिंचेला टेकवलं. त्याचा एक डोळा बुजला होता, पण दुसरा हलत होता.

"दाखव," भिका म्हणाला. "खोटं निघालं तर दोघांना सोडणार नाय."

बायकांनी हात सोडले. वर्षाने बाटलीतून पतंग काढला. त्या वंशाचा एवढा अखंड नमुना त्यांना पहिल्यांदाच मिळाला होता. तिने त्याची छाती चिमटीत दाबून त्याला मारलं, दगडावर ठेवलं आणि पोट हलकेच दाबलं. टोकातून दोन केसाएवढे आकडे बाहेर आले. तिने भिंग भिकाच्या हातात दिलं.

भिका वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग त्याला हसू आलं.

"अरे, नांगीवानी हाय."

मग काय, झुंबड उडाली. ज्यांच्या हातात काठ्या होत्या त्यांनी त्या झाडाला टेकवल्या आणि रांग लावली. जमनाने चिमीला कडेवर घेऊन दाखवलं. वर्षाही सांगत सुटली, याने तो मादीला धरतो, प्रत्येक जातीचा आकडा निराळा असतो. सुटल्याच्या आनंदात तिचा आवाज चढला होता. दाखवता दाखवता तिने स्वतः एकदा नीट पाहिलं आणि थबकली. आकड्याचं टोक फाटलेलं होतं. एकेकाला दोन दोन टोकं. अशी जात कोणी नोंदवलेली नव्हती. तिने भिंग पुसून पुन्हा पाहिलं, कोन बदलून आणखी एकदा पाहिलं.

"सर," ती मान वर न करताच म्हणाली, "टोक दुहेरी आहे. ही जात नवी दिसते."

भिका तोवर तांब्या भरून चिंचेखाली गेला होता. त्याने दिपकची हनुवटी वर केली आणि पाणी ओतलं. ते ओठांवरून तसंच शर्टावर उतरलं. त्याने पुन्हा ओतलं.

"बाई, माझा नंबर," रांगेतून कोणीतरी म्हणालं.