हरिसिंगची साक्ष

"बायकोचा हात तव्यावर पोळला, तवा म्या गुडघे टेकून प्रार्थना केली," हरिसिंग भर उपासनेत रडत साक्ष देत होता, "अन् देवानं तो बरा केला!"

बोरी अरब गावाजवळच्या तांड्यावरचं ते छोटं चर्च एका सुरात 'आमेन' म्हणालं. हरिसिंगची बायको शीला तेवढी गप्प बसली. तिचा हात तव्यावर दाबून धरणारा हाच, आणि धरल्या धरल्या भाजीत मीठ कमी पडलंय म्हणून शांतपणे सांगणाराही हाच. रडण्यात मात्र पटाईत! आणि लबाडी म्हणावी तर डोळ्यांतलं पाणी खरं होतं. स्वतःच्या साक्षीवर त्याचा स्वतःचाच जीव जडला होता.

हात पोळला त्या दिवसापासून शीला माहेरी होती. प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर घेण्याआधी, भांडलेल्यांनी समेट करायचा, हा इथला शिरस्ता. पाळक वामनरावांनी दोघांना पुढे बोलावलं.

"शीलाबाई, त्याच्यात सैतान शिरला होता. आता तो रडून राह्यला. माफ करा अन् आज घरी जा."

"सैतान असता तं निघाला असता, पास्टरसाहेब," शीला म्हणाली. "तुमीच तं जुन्या ख्रिस्ती साधूंचं शिकवलं. जीव देवाकडं तोंड करून घडवला हाय. माणूस आपल्याच रूपावर भाळला का देवाकडं पाठ होते, मंग त्याले दुसऱ्याचं दुखणंबी दिसत नाई. याच्यात कोणी शिरलं नाई. देवाच्या जागेवर हा सोता जाऊन बसला. तिथून त्याले म्या कशी उठवू?"

"म्हणजे मनात राग आहे तुमच्या."

"नाई. माफ केलं म्या. पण घरी जात नाई."

हरिसिंगचं रडणं बटण दाबल्यासारखं थांबलं. तो किंचित हसला. "पाहतो तुले," तो हळूच म्हणाला.

वामनरावांनी ते ऐकलं. तरी त्यांनी हरिसिंगला भाकर दिली आणि शीलाला वगळून ते पुढच्या रांगेकडे वळले.

शीलाच्या जिवाला फार लागलं. लहानपणी पहिल्यांदा घेतल्यापासून तिनं एकही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. पण ती उठून गेली नाही. आपल्या जागी येऊन बसली, तशा शेजारच्या बायका अंग चोरून बाजूला सरकल्या. शेवटचं गीत सुरू झालं. मोकळ्या पडलेल्या सतरंजीवर शीला एकटी ताठ उभी राहिली आणि सगळ्यांच्या वर आवाज चढवून गायली.