डाव्या तळव्याखाली

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आलेलं मशीन बरं झाल्याशिवाय उठत नाही, असं गल्लीत बोललं जायचं. ते पसरवण्यात निम्मा हात तिचा स्वतःचाच होता. दहावीच्या आधीच शाळेला रामराम ठोकून ती हे काम शिकली होती. घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, कपाळाला टॉर्च बांधून बसायची, लॅपटॉप उघडायची आणि गिऱ्हाइकांना झापायची.

"चहा सांडलात ना? माझ्याशी खोटं बोलू नका. मशीन सगळं सांगतं."

गिऱ्हाईक खाली मान घालायचं. तिला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

म्हणून घरातलाच लॅपटॉप दगा द्यायला लागला तेव्हा तिला ते भर बाजारात कुणी थोबाडीत मारल्यासारखं वाटलं.

लॅपटॉप वहिनीचा, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोचा. ती आतल्या खोलीत बसून एका कुरिअर कंपनीचं काम करायची. लोक लिहून विचारणार, माझं पार्सल कुठं मेलं? आणि ही शांतपणे टाइप करून सांगणार, थांबा, बघते. नोकरीला अडीच महिने झाले होते. पहिले तीन महिने कच्चे. आणि नेमके गेले दहा दिवस लॅपटॉप मधेच काळा व्हायचा, एक सुस्कारा टाकायचा आणि आपला आपण पुन्हा सुरू व्हायचा. तोवर पार्सलवाला शिव्या घालून निघून गेलेला असायचा.

"ताई, पुन्हा झालं," वहिनी दारात उभी राहून म्हणायची.

"मांडीवर घेतला असशील."

"टेबलावरच होता."

"मग काहीतरी दाबलं असशील."

"टाइप करते ना ताई, दाबणारच की."

"दाबणं वेगळं आणि बडवणं वेगळं."

हे ऐकून भाऊ फिसकन हसला, आणि आईनं भाजी निवडता निवडता मान हलवली. घरात ताईचा शब्द मशीनच्या बाबतीत शेवटचा होता.

तसं तिनं करायचं ते सगळं केलं. चार्जर बदलला. बॅटरी बाहेरूनच काढून बघितली. मेमरीचं छोटं झाकण वेगळं होतं, तेवढंच काढून मेमरी दुसरी लावली. सगळं सॉफ्टवेअर नव्यानं भरलं. मग आपल्या टेबलावर ठेवून त्याच्यावर सहा तास व्हिडिओ चालू ठेवला. लॅपटॉप ढिम्म. एकदासुद्धा बंद पडला नाही.

"बघ," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सहा तास. माझ्याकडे अगदी शहाणं बाळ. तुझ्याकडे गेला की याला वारं लागतं. आता दोष कुणाचा, तूच सांग."

वहिनीनं लॅपटॉप उचलून आत नेला. दुसऱ्या दिवसापासून ती पाण्याची बाटली खोलीबाहेर ठेवायला लागली. हात धुऊन कोरडे करून मगच लॅपटॉपला लावायची. मनगटं पुढच्या कडेला टेकवून दोन बोटांनी, तापलेल्या तव्यावर टेकवावीत तशी, अक्षरं दाबायची. भावानं जेवताना एकदा सुनावलंच, "अगं, जरा सांभाळून वापर. ताईचं कधी चुकतं का?" तेव्हा वहिनीचा घास हातातच राहिला होता. डॉक्टरणीनं ते बघितलं आणि आमटी वाढून घेतली.

अकराव्या दिवशी दुपारी वहिनीच्या सुपरवायझर मॅडमचा फोन आला. सकाळपासून तिसऱ्यांदा गिऱ्हाईक तुटलं होतं. ज्यानं लॅपटॉप तपासला त्याचं पत्र चार वाजेपर्यंत पाठवा, मॅडम म्हणाल्या. मशीनमध्ये खोट असेल तर कंपनी अजून एक महिना बघेल. वापरण्यात खोट असेल तर उद्यापासून येऊ नका.

वहिनी फोन ठेवून पुढच्या खोलीत आली. तिचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा झाला होता. "ताई, खरं असेल तेच लिहा. माझ्यासाठी म्हणून काही नको."

"खरंच लिहिणार. कामात मी घरचं-दारचं बघत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "आण तो लॅपटॉप. नको, राहू दे. तुझ्याच खुर्चीत बसून लिहिते, म्हणजे कसा वापरायचा तेही कळेल."

वहिनी स्वयंपाकघरात गेली. डॉक्टरीण बसली, दोन्ही तळवे लॅपटॉपवर आडवे टाकले आणि लिहायला लागली. लॅपटॉप सहा तास तपासला. मशीनमध्ये दोष आढळला नाही. वापरणारी व्यक्ती

पडदा काळा झाला.

ती बघतच राहिली. लॅपटॉपनं सुस्कारा टाकला, उजळला. तिनं डावा तळवा मुद्दाम दाबून बघितला. काळा. पुन्हा सुरू झाल्यावर उजवा दाबला. काही नाही. डावा. काळा.

सहा तासांच्या त्या तपासात तिनं मशीनला हात म्हणून लावला नव्हता. व्हिडिओ लावून लांबून बघत बसली होती.

लॅपटॉप काखोटीला मारून ती आपल्या टेबलाशी आली, दार लोटलं, मशीन पालथं घातलं. खालचे दहा स्क्रू. आठ लांब, दोन आखूड. आखूड दोन पुढच्या कोपऱ्यांत लागतात, कारण तिथं आत जागा कमी. डाव्या कोपऱ्यातला काढला. लांब होता. झाकण उघडलं. आतल्या हिरव्या पट्टीवर बरोबर त्या जागी मोहरीएवढा खरडलेला, चकचकीत ठिपका. वरून तळव्याचा भार आला की स्क्रूचं टोक तिथं टेकणार आणि मशीनचा जीव जाणार. एवढी सोपी गोष्ट.

तिचे कान तापले.

बारा दिवसांपूर्वी पंखा साफ करायला हा लॅपटॉप तिनंच उघडला होता. तिची एक पद्धत होती, आणि ती चार लोकांना छाती फुगवून सांगायची: पुठ्ठ्यावर मशीनचं चित्र काढायचं, आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथंच पुठ्ठ्यात खोचायचा. त्या दिवशी ती माल पाठवणाऱ्याशी फोनवर भांडत होती. वहिनीनं आठवणीनं पुठ्ठा आणून दिला, तर ही म्हणाली, "घरच्या मशीनला कसला पुठ्ठा? माझ्या हाताला कळतं." सगळे स्क्रू एका वाटीत टाकले. परत लावताना वहिनी शेजारी उभी होती. म्हणाली, "ताई, यातले दोन आखूड आहेत का?"

आणि आपण काय म्हणालो? "तू पार्सलं शोध."

आता काय करायचं ते तिच्या हातांनी तिच्या आधी ठरवलं. डाव्या कोपऱ्यात आखूड स्क्रू बसवला, लांब आपल्या जागी गेला, झाकण बंद. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग पत्र: आतला एक भाग सैल झाला होता. बदलला. वापरणाऱ्या व्यक्तीचा दोष नाही. वाचून बघितलं. वहिनीची नोकरी राहणार होती. कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

तिनं वहिनीला हाक मारली.

वहिनीनं पत्र उभ्या उभ्या वाचलं, मग स्टुलावर बसून परत वाचलं. "म्हणजे मी काही केलं नव्हतं?"

"नव्हतं."

"कुठला भाग हो?"

"असतो एक. तुला नाही कळायचं."

वहिनीनं पदराच्या टोकानं नाक पुसलं आणि हसली. "ताई, एक सांगू? रागावू नका. माझ्या मनात यायचं, तुम्ही उघडलात त्यानंतरच हे सुरू झालं. ह्यांना पण बोलले मी तसं. ते माझ्यावरच भडकले. मलाच मग लाज वाटली. तुमच्याबद्दल असा विचार केला म्हणून... माफ करा."

डॉक्टरीण टॉर्चचा पट्टा सोडत होती. तो केसांत अडकला. तिनं ओढला, पण निघेना. वहिनी उठून सोडवायला आली, आणि तिची थंड, कोरडी, धुऊन धुऊन भेगाळलेली बोटं कपाळाला लागली.

"नको," डॉक्टरीण म्हणाली. "स्क्रू मी चुकीचा लावला होता. तू विचारलंस तो. आखूड."

वहिनीची बोटं पट्ट्यावरच थांबली.

"भागबिग काही नाही. माझी चूक. तेव्हाही माझीच होती, आणि दहा दिवस तुला बोलले तेव्हाही."

वहिनीनं पट्टा सोडवला, टेबलावर ठेवला. "हे पत्र खोटं आहे मग."

"तुझ्या फायद्याचं आहे."

"तुमच्या पण आहे," वहिनी म्हणाली. आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. तिनं फोन काढून मॅडमला लावला आणि आई आणि भाऊ बसले होते तिथं, मधल्या खोलीत जाऊन उभी राहिली. स्पीकर चालू केला. "मॅडम, मशीनमध्ये खोट नव्हती. माझ्यात पण नव्हती. दुरुस्त करणारीची चूक होती."

"कोण दुरुस्त करणारी?"

"माझी नणंद."

पलीकडे मॅडम हसल्यासारख्या झाल्या. "घरचीच साक्षीदार? छान. द्या त्यांना."

मागोमाग आलेल्या डॉक्टरणीपुढं वहिनीनं फोन धरला. भावानं पेपर खाली घेतला. आईचा शेंगा सोलणारा हात थांबला. डॉक्टरणीनं आजवर शेकडो लोकांना आपल्या टेबलापलीकडे उभं केलं होतं, पण उभं राहिल्यावर हात कुठं ठेवायचे असतात हे तिला माहीत नव्हतं.

"स्क्रू लांब लागला," ती म्हणाली.

"ऐकू आलं नाही."

"मी चुकीचा स्क्रू लावला. तिनं तेव्हाच विचारलं होतं, मी ऐकलं नाही. नंतर तिच्यावरच ढकललं. घरात सगळ्यांसमोर. तिचा काही संबंध नाही."

"हे लिहून देणार? तुमच्या सहीनं?"

"देते."

मॅडम थोडा वेळ कागद चाळत होत्या. "एक महिना देते. पण यापुढं हे मशीन घरात खोलून दुरुस्त करायचं नाही. काही झालं तर बाहेरच्या माणसाकडे न्यायचं, त्याची पावती पाठवायची. कबूल?"

"कबूल, मॅडम," वहिनी लगेच म्हणाली.

फोन बंद झाला. भाऊ बायकोकडे बघायचं टाळत पेपराची घडी घालत होता, आणि ती काही केल्या नीट पडत नव्हती. "मला कसं कळणार," तो पुटपुटला. आईनं एक शेंग सोलली आणि दाणे टरफलांत टाकले.

डॉक्टरणीनं पत्र पुन्हा लिहिलं, या वेळी हातानं, कागदावर. वाचायला सोपं जावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं, तर ते अजूनच मोठ्यानं ओरडल्यासारखं दिसायला लागलं. सही केली. ते घेऊन ती आतल्या खोलीच्या दारात गेली. वहिनी कामाला बसली होती. दोन्ही तळवे लॅपटॉपवर सपाट टाकून, दहाही बोटांनी, धाडधाड टाइप करत होती. तिनं मान न वळवता हात मागं केला, कागद घेतला, शेजारी ठेवला.

डॉक्टरीण उभीच राहिली. काहीतरी बोलायला हवं होतं.

"ताई," वहिनी पडद्याकडे बघतच म्हणाली, "जाताना दार ओढून घ्या. लोक थांबलेत."

तिनं दार ओढून घेतलं. कडीचा आवाज होऊ नये म्हणून ती दोन्ही हातांनी धरून हळूच टेकवली.